धुरपतामायची ताडपत्री

"काय कमी हाये हिला? तुमीच सांगा भाभी."

पडद्यापलीकडून आत्याबाईंचा आवाज आला. त्या हळूच बोलत होत्या, पण जुन्या जालन्यातल्या आमच्या या घरात दारांपेक्षा पडदे जास्त आहेत, आणि दिवसभर बाजेवर पडून राहिलं की ऐकण्यावाचून दुसरं काम उरत नाही.

"नजर काढून टाका जल्दी," शेजारच्या भाभी म्हणाल्या. त्यांचं घराणं राजस्थानातून इकडे कधी आलं ते आता त्यांनाही आठवत नाही, पण काळजी वाटली की त्यांच्या मराठीत हिंदी शिरते. "बच्ची इतकी गोड आहे, आणि आईच्या तोंडावर हसूच नाही. बिलकुल बोलत नाही ओ ती."

"इंग्रजी शाळेत शिकल्याली हाये. मराठीत बोलायचे पैसे पडतेत तिला."

दोघी हसल्या. त्यात वाईट काही नव्हतं. विनोदही चांगला होता.

खरंच, काय कमी आहे मला? माझी आई मी शाळेत असतानाच गेली, म्हणून पहिलं बाळंतपण माहेरी न होता इथे, सासरी झालं. त्यासाठी यांच्या आत्या अंबडचं स्वतःचं घर सोडून येऊन राहिल्या आहेत. पहाटे उठून पाणी तापवतात. डिंकाचे लाडू आहेत, हळिवाची खीर आहे, बाजेखाली शेगडी आहे, ओव्याची धुरी आहे, कानाला घट्ट बांधलेलं फडकं आहे. मुलीला बघायला रोज कुणी ना कुणी येतं, तिच्या मुठीत काहीतरी ठेवतं, नाक कुणावर गेलंय यावर वाद घालतं आणि चहा पिऊन जातं.

मग तिला माझ्या कुशीत ठेवतात. मी तिची नखं बघते, पापण्या बघते, आणि घशाशी काहीतरी दाटून येतं. ती माया आहे की भीती, मला कळत नाही. कुणी खोलीत आलं की मी ते गिळून टाकते. गिळायची मला सवय आहे. आमच्या कॉन्व्हेंट शाळेत कुणी रडलं की सिस्टर खांद्यावर हात ठेवून म्हणायच्या, जा, तोंड धुऊन ये. त्या मायेनंच म्हणायच्या. आई गेली त्या दिवसांत मी पुष्कळदा तोंड धुतलं.

याच्या बरोबर उलटं सांगणारी एकच बाई मला भेटली. हल्ली ती मला रोज आठवते.

बहात्तरच्या दुष्काळात पाण्याअभावी आमचं औरंगाबादचं होस्टेल लवकर बंद झालं आणि मी बाबांकडे वाटूरला आले. बाबा सरकारी इंजिनिअर. वाटूरजवळ पाझर तलावाचं दुष्काळी काम त्यांच्याकडे होतं. मी खोलीत पुस्तक घेऊन बसून राहते हे बघून त्यांनी मला कामावर सुकडी वाटायला बसवलं. सुकडी म्हणजे भाजलेलं पीठ आणि गूळ यांचा कोरडा भुगा. लहान मुलांना आणि अंगावर पाजणाऱ्या बायांना ती एकेक पेला मिळायची.

माझी जागा एका मोठ्या लिंबाखाली होती. त्या कडुलिंबाच्या फांद्यांना जुन्या लुगड्यांच्या झोळ्या टांगलेल्या असत आणि त्यांत माती वाहणाऱ्या बायांची तान्ही मुलं झोपलेली असत. पलीकडे टिकाव-फावडी ठेवायला ताडपत्रीचा आडोसा होता. झोळ्यांवर लक्ष ठेवायला जी बाई नेमली होती तिचं नाव धुरपताबाई. सगळे तिला धुरपतामाय म्हणत.

ती उंच होती, काटकुळी होती आणि तिचे पाय फार मोठे होते. पाय लांब सोडून बसायची आणि नडग्यांवर मूल पालथं टाकून हलवायची. एका कानाची पाळी फाटलेली. दातांना सारखी मिश्री. आवाज असा की तीन शेतांपलीकडच्या माणसाला हाक मारत असावी. वाटूरच्या बौद्ध वस्तीत तिचं एका खोलीचं घर होतं. रोज सकाळी बाबांची जीप आली की ती बसल्या जागेवरून "जयभीम साहेब!" म्हणायची. बाबा सुरुवातीला "नमस्कार" म्हणायचे. महिन्याभरात तेही "जयभीम" म्हणायला लागले. त्या दिवशी ती माझ्याकडे बघून म्हणाली, "बापाला बोलता येतं की. लेकच मुकी हाये." तेव्हापासून माझं नाव 'मुकी' पडलं. "मुके, सुकडी आण. मुके, ती झोळी हलव."

पहिल्याच दिवशी मी जे पाहिलं ते मला बराच वेळ कळलं नाही. एक बाई आली, खाली बसली, मुलाला पाजलं आणि धुरपतामायच्या हातात देऊन उठली. धुरपतामायनं तिच्या तोंडाकडे बघितलं आणि, पाणी पिऊन ये म्हणावं तशी, म्हणाली,

"जा, रडून ये. पोर मी धरते."

ती बाई ताडपत्रीमागे गेली. थोड्या वेळानं पदरानं नाक पुसत बाहेर आली, मुलाला झोळीत घातलं, घमेलं उचललं आणि कामाला गेली. कुणी काही विचारलं नाही. शेजारी भाकरी खाणाऱ्या बायांनी मानही वर केली नाही.

हे रोज चालायचं. सगळ्यांनाच नाही, पण जिचं बाळंतपण ताजं आहे तिला धुरपतामाय हटकून पाठवायची. कारण विचारायची नाही. कारण सांगायला लागली तर तीच थांबवायची. "मला नको सांगू. माझ्या ध्यानात राहत न्हाई. जा, तिकडं जाऊन रड." मुकादमानं एकदा ओरडून विचारलं, "ती कुठं गेली?" तेव्हा ही इथून तितक्याच मोठ्यानं म्हणाली, "रडायला गेली. तुला जायचंय का? नंबर लाव मागं." सगळं काम हसलं. मुकादमानं परत कधी विचारलं नाही.

ती शहाणी होती असं मला म्हणायचं नाही. तिच्या पुष्कळ गोष्टी चुकीच्या होत्या. बाळंतिणीनं गार पाणी प्यायलं की दूध नासतं असं ती ठासून सांगायची, आणि त्या उन्हाळ्यात ते ऐकणाऱ्या बायांचे हाल व्हायचे. एकदा आरोग्य खात्याच्या नर्सबाई टोचायला आल्या. त्यांचे डोळे लाल झालेले. धुरपतामायनं त्यांच्या हातातली पेटी काढून घेतली आणि म्हणाली, "जा बाई, रडून या."

"अहो, मला रडू नाही आलेलं," नर्सबाई म्हणाल्या. "जीपची धूळ गेलीय डोळ्यात."

"मंग बी जा. गेल्यावर येतंय."

नर्सबाई हसत हसत ताडपत्रीमागे गेल्या. त्यांना परत यायला बराच वेळ लागला.

पाण्याचा टँकर यायचा तेव्हा धुरपतामाय तिथे एक रिकामी घागर घेऊन उभी राहायची. प्रत्येक बाईनं आपल्या वाट्यातलं तांब्याभर पाणी त्या घागरीत टाकायचं, असं तिनं लावून दिलं होतं. गावात जी नुकती बाळंत झाली असेल तिच्या अंघोळीचं ते पाणी. कुणी कुरकुर केली तर म्हणायची, "तू बाळंत झाली तवा न्हाली होतीस का कोरडीच पडली होतीस?" आमच्या घरी पिंप भरून पाणी येतं हे तिला माहीत होतं. "मुके, इंजिनेराच्या पिंपाला तांब्या बसत न्हाई का?" दुसऱ्या दिवसापासून मी घरून बादली नेऊ लागले. तिनं फक्त घागर माझ्याकडे सरकवली.

ती घागर पोचवायला एकदा मी तिच्याबरोबर गेले. बाळंतिणीच्या खोलीत बाया दाटीवाटीनं बसल्या होत्या आणि बाळ या हातातून त्या हातात फिरत होतं. आजीनं कौतुकानं ते धुरपतामायसमोर धरलं. तिनं बघितलंच नाही. सरळ बाजेशी गेली, बाळंतिणीच्या पायांवरचं पांघरूण सारलं आणि तळवे हातात घेतले.

"जेवलीस का?"

बाळंतीण हो म्हणाली.

"काय जेवलीस?"

तिची नजर आजीकडे गेली. धुरपतामायनं मागे वळून सगळ्यांकडे बघितलं. "पोराला बघाया गाव हाये. बाईला कोन बघून राह्यलं?" मग तिनं सगळ्यांना बाहेर काढलं, पाणी तापवायला लावलं, भाकरी कुस्करून दुधात घालायला लावली. ते दूध कुणाच्या घरून आलं ते मला माहीत नाही. बाळंतीण जेवली, न्हाली, झोपली. त्यानंतर धुरपतामायनं बाळ मागितलं आणि त्याच्याकडे बघून म्हणाली, "हां. आता दाखवा. ह्यो कोन आलाय?"

शांता माझ्याच वयाची होती. बाळंत होऊन महिना व्हायच्या आत सासूबरोबर कामावर आली. सासूचं नाव सीताबाई. पहिल्या दिवशी सीताबाई नातवाला पोटाशी धरून उभीच राहिली. "आमचं पोर हिच्याजवळ? आमच्यात न्हाई चालत."

"मंग तू बस धरून," धुरपतामाय म्हणाली. "मी नेते तुझं घमेलं."

सीताबाईनं घमेल्याकडे बघितलं, मुलाकडे बघितलं. शेवटी तिनं मूल धुरपतामायच्या हातात न देता स्वतः झोळीत ठेवलं. ती झोळी धुरपतामायच्याच लुगड्याची होती, हे मला माहीत होतं.

शांता मात्र त्या झोळीकडे बघायचीच नाही. सुट्टीत ती लिंबाकडे पाठ करून बसायची. मूल रडलं की तिची चोळी भिजायची, पण मान वळायची नाही. हातात दिलं तर घ्यायची नाही, खाली ठेवलं तर उचलायची नाही. मग दुसरी कुणीतरी बाई त्याला पाजायची. सीताबाई सगळ्यांदेखत बोलायची, "नाटकं हायेत. बाजाराच्या दिशी हिला मोटारीत बसवून माह्यरी धाडून देते. पोर आमी सांभाळू. माझ्या लेकाला काय बायका मिळत न्हाईत?" ती नुसतं बोलत नव्हती. शांताचं बोचकं बांधून झालं होतं.

धुरपतामायनं शांतालाही तेच सांगितलं. "जा, रडून ये."

"मला येत न्हाई," शांता म्हणाली.

दिवसभर धुरपतामाय शांताच्या मुलाला नडग्यांवर हलवत राहिली आणि मला एकदाही मुकी म्हणाली नाही.

बाजाराच्या आदल्या दिवशी, दुपारच्या सुट्टीत सगळ्या बाया लिंबाखाली भाकरी खात होत्या. धुरपतामाय उठली. तिनं शांताचं मूल झोळीतून काढलं, शांताच्या समोर गेली आणि तिच्या मांडीवर ठेवून दिलं.

"हे धर."

"मी?"

"मंग कोन? मला जायचंय."

"कुठं?"

"कुठं म्हंजे? रडायला."

आणि ती ताडपत्रीमागे निघून गेली. आधी काहीच ऐकू आलं नाही. मग एक बारीक आवाज आला, मग मोठा, मग असा की मुकादम तोंडातली शिट्टी हातात घेऊन उभा राहिला. सीताबाईचा घास हातातच राहिला. इतक्या महिन्यांत सगळ्यांना पाठवणारी धुरपतामाय स्वतः कधी त्या आडोशाला गेली नव्हती.

शांतानं हात मांडीपासून दूर धरले होते. मूल घसरायला लागलं तेव्हा तिनं एक हात खाली घातला. त्या आवाजानं घाबरून मूल रडू लागलं. ती इकडेतिकडे बघायला लागली, कुणाकडे द्यावं म्हणून. ज्या बाया त्याला रोज पाजत होत्या त्या सगळ्या आपापल्या भाकरीकडे बघत होत्या. मी माझ्या पेल्याकडे बघितलं. मूल रडून रडून काळंनिळं व्हायला लागलं. शेवटी शांतानं त्याला उचललं, पदराखाली घेतलं. रडणं थांबलं. ती तशीच उठली आणि ताडपत्रीशी जाऊन उभी राहिली.

"माय, ये ना आता. बस कर."

"थांब जरा," आतून आवाज आला. "माझं झालं न्हाई अजून."

शांता तिथंच ताडपत्रीला पाठ लावून खाली बसली आणि रडायला लागली. ताडपत्रीच्या एका बाजूला ती आणि दुसऱ्या बाजूला धुरपतामाय. पदराखाली मूल पीत होतं. सीताबाईनं उरलेली भाकरी फडक्यात बांधली. मग कुणी सांगितलं नसताना शांताचं घमेलं आपल्या घमेल्यात ठेवलं आणि कामाला गेली.

दुसऱ्या दिवशी बाजाराची मोटार आली आणि गेली. शांता कामावर होती. सुट्टीत ती लिंबाकडे तोंड करून बसली.

मी एरवी कुणाला काही विचारत नाही, पण त्या दिवशी विचारलं. "माय, तुम्ही खरंच रडत होता?"

"पहिल्यांदी सोंग होतं गं," ती म्हणाली. "म्हटलं, जरा वरडावं मोठ्यानं. मंग खरंच आलं."

"कशाचं?"

तिनं नडग्यांवरचं मूल उलटं केलं, सुलटं केलं. "माझी बी बाळंतपणं झाली की, मुके. तवा कोन होतं धराया?" मग बाजूला वळून मिश्री थुंकली आणि म्हणाली, "बसली काय? सुकडी आण."

पुढे होस्टेल उघडलं आणि मी जायला निघाले. निरोप घ्यायला लिंबाखाली गेले. धुरपतामायनं माझ्या तोंडाकडे बघितलं. आता ती मलाही पाठवेल असं वाटलं आणि मी घाईनं चेहरा सरळ केला. ते तिनं पाहिलं.

"तू कवा गेलीच न्हाई ताडपत्रीमागं," ती म्हणाली.

"मला कुठं मूल आहे?"

"मंग झालं की ये. मी धरते."

ती हे चेष्टेत म्हणाली की मनापासून, कोण जाणे. तिच्या बोलण्यात तो फरक नसायचा.

बाबांची बदली झाली. माझं लग्न झालं. मागच्या वर्षी आम्ही परतूरला एका लग्नाला निघालो होतो. मला दिवस गेले आहेत हे तेव्हा नुकतंच कळलं होतं. वाटूर फाट्यावर एसटी थांबली. खिडकीतून बघते तर चहाच्या टपरीसमोर, भर उन्हात, धुरपतामाय. केस सगळे पांढरे झालेले, पाय तेवढेच मोठे. खांद्यावर एक तान्हं मूल होतं आणि ती त्याला थोपटत होती. आई जवळपास दिसत नव्हती. टपरीमागे उसाच्या चिपाडांचा ढीग होता. धुरपतामाय त्या ढिगाकडे पाठ करून उभी होती, मागे कुणी जाऊ नये म्हणून उभं राहावं तशी. मी खिडकीच्या गजाला धरलं. माय, अशी हाक घशापर्यंत आली. बसमध्ये माणसं होती, शेजारी हे होते. घंटी वाजली. वळणावर मी मान वळवून बघितलं. टपरीमागून एक तरुण बाई पदर सावरत येत होती, आणि धुरपतामाय मूल तिच्यापुढे धरत होती.

वाटूर इथून काही फार लांब नाही. पण सव्वा महिना मला उंबरा ओलांडायचा नाही, आणि फाट्यावरच्या त्या म्हातारीला घेऊन या असं मी कुणाला सांगू? काय म्हणून सांगू? दुपारी घर शांत झालं की मी डोळे मिटते आणि ते दोन मोठे पाय बाजेकडे येताना ऐकायचा प्रयत्न करते. ती मुलीकडे बघणार नाही. आधी माझे तळवे हातात घेईल. काय जेवलीस, म्हणून विचारेल.

भाभी गेल्या. पडदा सरकला आणि आत्याबाई धुरीचं पात्र घेऊन आत आल्या. निखाऱ्यावर ओवा टाकला, धूर मुलीच्या झबल्याखाली फिरवला, तिला माझ्या कुशीत ठेवलं. त्यांच्या हाताला पहाटेपासूनच्या राखेचा वास होता. त्या सहज म्हणाल्या, "बघ कशी बघून राह्यली आईकडं." माझ्या घशात ते दाटून आलं. मी गिळायला लागले. आत्याबाई जायला वळल्या. पडद्याला हात लावला. खोलीत ताडपत्री नव्हती, पण धूर बराच होता.

"आत्याबाई," मी म्हणाले, "हिला धरा जरा. मला रडायचंय."